हात धरणारी रंगुबाई

शुक्रवारची सकाळ होती. श्रीरामपूरहून राहुरीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, कालव्याच्या कडेच्या वस्तीवर रंगुबाई सुनेच्या अंघोळीसाठी पाणी तापवत होती. सून जया हिला बाळंत होऊन अठरा दिवस झाले होते. चुलीशेजारी डिंकाच्या लाडवांचा डबा होता, पण त्यातला एकही लाडू कमी झालेला नव्हता.

"जया, ऊठ बाई. पानी निवतंय."

जया भिंतीकडे तोंड करून बसली होती. "आत्या, ते पोरगं माझं न्हाई," ती म्हणाली. "दवाखान्यात कुनीतरी बदललंय. त्याला लांब न्या माझ्यापासनं."

चार दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मध्येच हसायची, मध्येच आतून कडी लावून कुणाशी तरी बोलत बसायची. गावच्या आशाताईंनी दोनदा येऊन सांगितलं होतं की हा बाळंतपणातला मनाचा आजार आहे, औषधानं बरा होतो, पण उशीर करू नका. रंगुबाईचा मुलगा बिभीषण तेव्हाच गाडी बघायला निघाला होता. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, नावं मात्र गावचीच, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. अडून बसली ती रंगुबाई.

तिची अडचण वेगळीच होती. दर शुक्रवारी ब्रदर छगनच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनासभा भरे. छगन आधी टेम्पो चालवायचा, आता भुतं काढायचा. भूत उतरवायला आणलेल्या बाईवर तो चिंचेचा फोक चालवी, आणि तिचे हात मागून धरायला हाक जाई ती रंगुबाईला. वीस वर्षं ऊसतोडीत कोयता चालवलेली तिची मनगटं. तिच्या पकडीतून सुटलेली बाई कुणी पाहिली नव्हती. आत्मा निघेपर्यंत हात सोडायचे नाहीत, सोडले तर तो धरणारीच्याच अंगात शिरतो, असा छगनचा नियम होता. बाई जितकी ओरडेल तितकं भूत निघायला आलं, असं समजायचं. लोकांच्या लेकीसुनांना 'डॉक्टर कशाला, विश्वास ठेव' म्हणून सांगत फिरलेली ही बाई स्वतःची सून कोणत्या तोंडानं दवाखान्यात नेणार होती? अब्रूचं भूत मात्र कुणी कुणाच्या अंगातून काढत नाही.

"आज ब्रदरला दाखवू," ती बिभीषणला म्हणाली. "मग उद्या ने कुठं न्यायची तिथं."

"आये, मारतील तिला."

"तिला न्हाई मारत कुनी. तिच्यातल्या त्याला मारत्यात."

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, ती अशी. आईपुढे बोलायची बिभीषणला सवय नव्हती. भर दुपारी तिघं बाळाला घेऊन शेडवर पोचले.

पत्रा तापून आत भट्टी झाली होती. साठ-सत्तर माणसं, ढोलकी, टाळ्या. घरच्या पुरुषांनी बाहेर थांबायचं आणि दाराला आतून कडी, म्हणून बिभीषण बाळाला घेऊन लिंबाखाली बसला. जयाला पुढे सतरंजीवर बसवलं. रंगुबाई तिच्या मागे गुडघ्यावर बसली आणि तिनं दोन्ही मनगटं पाठीमागे आवळली.

"नाव सांग तुझं," छगननं दरडावलं.

"जया."

पहिला फोक खांद्यावर बसला. "खोटं बोलतंय. नाव सांग."

"जयाच हाय मी, दादा."

दुसरा मानेवर, तिसरा तोंडावर. ओठ फुटला. छगननं तिचे केस मुठीत धरून डोकं खाली दाबलं, कानशिलात दिल्या, मग कमरेत लाथ घातली. लोक टाळ्या वाजवत राहिले. "जळतोय तो, सोडू नका," छगन ओरडला. जया आडवी झाली तेव्हा त्यानं तिच्या बरगड्यांवर गुडघा रोवला. आत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तो ढोलकीत बुडाला, पण रंगुबाईला तो हातांतून कळला. ती डोळे मिटून प्रार्थना करत होती. तिचा विश्वास खरा होता, आणि म्हणूनच तिची पकड सैल पडत नव्हती.

तेवढ्यात बाहेर बाळ भुकेनं रडायला लागलं.

रंगुबाईनं डोळे उघडले. जयाचं पोलकं पुढून ओलं होत होतं. आधी तिला रक्त वाटलं. मग वास आला. दूध होतं. मूल आपलं नाही म्हणणाऱ्या, निम्मी शुद्ध हरपलेल्या त्या पोरीला पान्हा फुटला होता, आणि दुधाचा ओघळ पोटावरून सतरंजीत मुरत होता.

"ब्रदर, थांबा," रंगुबाई म्हणाली. "भुताला पान्हा फुटत न्हाई."

"हात सोडू नको, रंगुबाई."

तिनं हात सोडले. वर आलेला फोक तिनं तळहातावर झेलला आणि ती सुनेच्या अंगावर पालथी पडली.

"सासूत शिरला," कुणीतरी म्हणालं. मग काय विचारता! ज्या बाया आठवड्यापूर्वी तिच्या पाया पडत होत्या त्यांनीच तिला लाथा घातल्या. एकीनं अंबाडा उपटला. छगननं फोक टाकून ढोलकीवाल्याची खुर्ची आपटून तिचा मोडलेला पाय उचलला, आणि त्याच्या दोन घावांत रंगुबाईचं कोपर निखळलं. "मारा, पर हिला न्हाई," एवढंच ती बोलत होती. ती जागची हलली नाही. अखेर बिभीषणनं बाळ एका म्हातारीच्या ओटीत टाकलं आणि तो दार तोडून आत घुसला. जन्मात कुणावर हात न उगारलेल्या त्या माणसानं छगनला असा ढकलला की तो पत्र्यावर जाऊन आदळला. त्याच गडबडीत त्यानं दोघींना बाहेर ओढलं.

श्रीरामपूरच्या दवाखान्यात कळलं की जयाच्या तीन बरगड्या मोडल्यात आणि एक फुप्फुसात घुसली आहे. डॉक्टर म्हणाले, वाचेल, पण तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मनाच्या आजाराचं औषधही लगेच सुरू झालं.

संध्याकाळी सभेतली सत्यशीला धावत आली. पोलीस ठाण्याचा जमादार जबाब घ्यायला बसलाच होता.

"रंगुमावशी, नका लिहून देऊ," ती कानाशी म्हणाली. "प्रभूची बदनामी व्हईल."

"ती म्याच केली, आजवर," रंगुबाई म्हणाली. तिचा एक डोळा सुजून मिटला होता आणि हात गळ्यात बांधला होता. "प्रभू आजाऱ्याला हात लावायचा गं, बरं करायला. त्यानं कुनाचे हात धरून कुनाला मारू दिलं न्हाई. हे मला साठीला कळलं. मी त्याच्या नावानं लई जोर दावला, दया दावली न्हाई."

जमादारानं पेन उघडलं. "आरोपीचं नाव सांगा, आजी. छगन, पुढं?"

"छगनचं मागनं लिव्हा. आधी माझं लिव्हा. हात म्या धरले हुते."

बिभीषण काही बोलायला पुढे झाला, तिनं त्याला नजरेनंच गप्प केलं.

"आन् जया पयली न्हाई," ती म्हणाली. "हिच्या आधी सतरा जनींचे धरलेत. कोन बरी झाली, कोन मेली, म्या कदी इचारलं बी न्हाई. समद्यांची गावं मला ठावं हायेत. एकेक सांगते, तुमी लिव्हा."