सहाव्या दिवसाचा थोरला

पोळ्याच्या सकाळी आश्रुबानं पवळ्याला कोळप्याला जुंपलं, आणि हळद-लोण्याची वाटी घेऊन आलेली त्याची बायको बायनाबाई गोठ्याच्या दारातच थांबली. त्या दिवशी अख्ख्या गावात दुसऱ्या एकाही बैलाच्या मानेवर जू नव्हतं.

शेजारचा चंद्रभान तरातरा आला. दोघांकडे एकेकच बैल. दरसाल जोडी लावून पेरणी सावडीनं व्हायची.

"सोड त्याला. आज जुपलास तर रब्बीला माझा बैल मागायचा न्हाई."

"जनावराच्या पाया पडनार न्हाई मी. देवानं मानसाला त्याच्यावर सत्ता दिलीय. शास्त्रात लिवलंय."

नवा बाप्तिस्मा, त्यात माणूस जन्माचा हट्टी. त्याला आवरतील तर सेलूचे पाळकच. पण नामांतराच्या दंगलीमुळं एसटी बंद होती आणि पाळक पंधरा दिवसांत फिरकले नव्हते.

बायनाबाईला वाचता येत नव्हतं, नवऱ्याला तोंडावर बोलता मात्र चांगलं येत होतं.

"वाचा मंग. बैल कोन्त्या दिवशी केला देवानं?"

आश्रुबानं कोनाड्यातलं शास्त्र, पाळकांनी दिलेलं बायबल, काढलं. ओळीवर बोट ठेवून त्यानं अडखळत वाचलं.

"सहाव्या."

"आन मानूस?"

बोट खाली सरकलं. "सहाव्याच."

"आदी कोन?"

त्यानं बोट पुन्हा वरच्या ओळीवर नेलं. मग खेकसला, "जनावर!"

"मंग थोरला भाऊ झाला की त्यो. त्याचा खांदा सुजलाय आन तुमी सत्ता सांगायलाव!"

आश्रुबानं शास्त्र मिटलं. बायकोकडे न बघता जू उतरवलं, वाटी हिसकावली आणि सुजलेल्या खांद्याला लोणी चोळू लागला. पवळ्यानं मान खाली घातली.

"आता कुक्कू लाव," चंद्रभान म्हणाला.

"न्हाई."

"ओवाळ तरी."

"न्हाई म्हन्लं ना!"

"मंग मोडली सावड." चंद्रभान थुंकला आणि निघून गेला.

तो शब्दाला पक्का निघाला. रब्बीला आश्रुबाला कुणीच बैल दिला नाही, आणि त्यानंही कुणाच्या दारात दुसऱ्यांदा तोंड दाखवलं नाही. ओल उडायला लागली तेव्हा तो पवळ्याला घेऊन शेतात गेला आणि जुवाच्या मोकळ्या बाजूला त्यानं स्वतःचा खांदा दिला. बांधावर चंद्रभान उभा होता. हसावं की शिव्या द्याव्यात, हे त्याला ठरवता येईना.

बी सोडायला बायनाबाईनं तिफणीच्या चाड्यावर ज्वारीची मूठ धरली. पेरणीच्या पहिल्या ओळीला आश्रुबा घाईनं पुढं ओढायला लागला, तशी ती मागून ओरडली,

"आवो, थोरल्याच्या पावलानं चला!"

आश्रुबानं पाऊल आखडतं घेतलं.