गुळाचा खडा

“आ कर. मोठा. कावळ्याला दिसंल येवढा.”

पोरानं आ केला. पार्वतम्मानं हरभऱ्याएवढा गुळाचा खडा त्याच्या जिभेवर ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. पोरानं तो कडाकड चावला, ओठ चाटले आणि दुसऱ्यासाठी पुन्हा आ केला. “चल, हावऱ्या, आत पळ,” म्हणत तिनं त्याच्या पाठीत चापट दिली.

जळकोटात ज्वारीच्या सुगीला रोज सकाळी हा सोहळा चाले. बाया काढणीला जाताना लेकरं पार्वतम्माच्या ओसरीवर सोडून जात आणि दिवस कलला की घेऊन जात. तिचा कायदा एकच होता. आजारी लेकरू उंबऱ्याच्या आत नाही. निजामसरकारचे कायदे हैदराबादहून निघत आणि गावात पोचेपर्यंत दमून जात. पार्वतम्माचा कायदा उंबऱ्यावरच जन्मला होता आणि तिथंच पाळला जाई.

कपाळाला हात लावून बघण्यावर तिचा भरवसा नव्हता. उन्हातून आलेलं कपाळ गरम लागतं, थंडीतून आलेलं गार. पण ताप भरत असलेल्या लेकराला गूळ नकोसा होतो, हे तिनं वीस वर्षांत शंभरदा पाहिलं होतं. खडा खाल्ला तर आत, तोंड फिरवलं तर आईबरोबर माघारी. मग त्या आईचा दिवस बुडो, नाहीतर मुकादम बोंब मारो. बाया चिडत, म्हातारीच्या नावानं बोटं मोडत आणि चार दिवसांनी लेकरू घेऊन पुन्हा येत. कारण तिच्या ओसरीवरून आजवर कुणाचं लेकरू साथ घेऊन घरी गेलं नव्हतं.

आणि यंदाच्या माघात नळदुर्गात देवी आल्या होत्या. बाजाराहून आलेला गाडीवान सांगत होता, तिकडं दारोदारी लिंबाचे डहाळे लागलेत. तेव्हापासून पार्वतम्मा खडा नुसता देत नव्हती, तो खाल्ला जाईपर्यंत लेकराच्या तोंडाकडं पाहत उभी राही.

उमाबाईनं आठ महिन्यांचा गुरुलिंग पुढं केला. चार लेकरं मातीआड केल्यावर हे पाचवं जगलं होतं. त्याला खडा नव्हता, बोटावर गूळपाणी होतं. त्यानं ते बोट असं काही चोखलं, की पार्वतम्माला हसू आलं. “बोट ठिव रं बाबा, मला भाकऱ्या थापायच्यात.”

सगळ्यात शेवटी सारजाबाई आली, धापा टाकत. तिचा नवरा सोलापूरच्या गिरणीत होता आणि दिवाळीपासून त्याचं कार्ड नव्हतं. पोटात सहावा महिना. कडेवर भागी. पाच वर्षांची पोरगी, तिला पोटुशी आई कडेवर घेऊन येते, हे पार्वतम्माच्या एकुलत्या एका डोळ्यानंही टिपलं.

“चालाया काय झालं तिला?”

“झोपंतनं उठीवली, अव्वा. आळसावलीय.”

“आन् केस वल्लं?”

“न्हाऊ घातली.”

“ह्या थंडीत? पहाटंचं?”

सारजानं भागीला दुसऱ्या कडेवर घेतलं. काल ती कामाला गेली नव्हती, हे पार्वतम्माला ठाऊक होतं. आजही गेली नाही, तर कल्याणप्पाच्या शेतावरचा मुकादम तिची काढणीची पात दुसरीला देणार, हेही ठाऊक होतं. पोटुशी बाई त्याला नकोच होती. त्याला नुसतं निमित्त हवं होतं.

“आ कर ग.”

भागीनं लगेच आ केला. खडा जिभेवर पडताच तोंड मिटलं, गाल फुगवला आणि शहाण्यासारखी मान डोलावली. इतकी शहाणी भागी एरवी कधी नसे. पार्वतम्माचा हात क्षणभर चौकटीवर आडवा राहिला. ओले केस दिसत होते, उतरलेलं तोंड दिसत होतं. पण गूळ तोंडात गेला होता आणि कायदा तिचा स्वतःचाच होता. खरं सांगायचं तर तिला सारजाची दया आली. नुसत्या गुळावर भागवून तिनं हात काढला.

“जा बाई. उन्हं वर आली.”

दुपारी लेकरांनी भाकरी खाल्ली, धिंगाणा घातला आणि जिथल्या तिथं झोपली. भागी तेवढी जेवली नव्हती. गुरुलिंगच्या झोळीखाली पडून ती झोळीची दोरी हळूहळू ओढत होती. पोरगी बाळ जोजवतेय, म्हणून पार्वतम्माला तिचं कौतुकच वाटलं होतं.

ओसरी झाडताना तिला मुंग्यांची रांग दिसली. ती चुलीकडं जात नव्हती, गुळाच्या गाडग्याकडंही जात नव्हती. भिंतीच्या फटीतून निघून ती सरळ भागीच्या मुठीत शिरत होती.

“मूठ उघड.”

भागीनं मान हलवली. पार्वतम्मानं बोटं एकेक करून सोडवली. आत सकाळचा खडा होता, घामानं चिकट झालेला, काळा पडलेला.

“आई म्हनली, गालात धर,” भागी रडायलाच लागली. “अव्वानं पाठ फिरीवली की काढून मुठीत घे. गिळला की वकारी येती मला.”

हात चटका बसावा एवढा तापला होता. पार्वतम्मानं तिला उचलून दाराच्या उजेडाला आणलं. केसांच्या कडेनं, भुवयांवर, ओठाच्या वर बारीक तांबडे ठिपके उमटले होते. ते तिनं लगेच ओळखले. नवव्या वर्षी ते तिच्या स्वतःच्या मनगटावर आले होते. त्या साथीत तिचा भाऊ गेला, तिचा डावा डोळा गेला आणि तोंडाची चाळण झाली.

तिनं मागं वळून पाहिलं. वर झोळीत गुरुलिंग जागा झाला होता आणि भागीनं सोडलेली दोरी ओढायला बघत होता.

दिवस कलताना बाया आल्या, तेव्हा चौकटीला लिंबाचा डहाळा होता आणि लेकरं अंगणाच्या पार टोकाला, बाभळीखाली बसवलेली होती. बायांची पावलं जागच्या जागी थबकली.

पार्वतम्माला खोटं बोलता आलं असतं. ठिपके आत्ता दिसले, लेकरं सकाळपासून अंगणातच होती, एवढं म्हटलं असतं तरी वीस वर्षांचं नाव राखलं गेलं असतं. दुपारभर ती तेच घोकत होती. पण उमाबाईनं धावत जाऊन गुरुलिंगला छातीशी धरलं आणि तिला ते बोलवेना.

“ऐका. भागीला देवी आल्यात. सकाळीच तिच्या अंगात ताप व्हता आन् म्या तिला आत घेतली. तुमची लेकरं दुपारपातुर तिच्यासंगं व्हती. गुरुलिंग तर तिच्या डोस्क्यावरच. चूक माजी हाय.”

“आवं, गूळ दिला न्हवता व्हय?” उमाबाई ओरडली.

बायांच्या मागं सारजा उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पार्वतम्मानं तिच्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

“दिला व्हता. पर म्या नीट बघितलं न्हाय.”

“चार पुरलीत म्या, अव्वा! डोळं झाकून तुमच्या पदरात टाकला व्हता ह्याला!”

“रडू नगं. उद्या पहाटं समद्याजणी नळदुर्गाला जावा. सरकारी दवाखान्यात देवीची लस टोचत्यात. दोन-तीन दिसांत टोचलं तर निभतं, आसं मागल्या साथीत टोचणाराच सांगत व्हता.”

“देवी गावात आल्यावर टोचलं तर कोपत्यात म्हणं,” एकजण म्हणाली.

पार्वतम्मानं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि चेहरा मावळत्या उजेडात धरला. एरवी ती तो जमेल तेवढा झाकून ठेवी. “मला टोचलं न्हवतं. माज्यावर त्या कोपल्या बी न्हवत्या. बघ, न कोपता काय करून गेल्या.”

बाया गेल्या. कुणी तिच्याकडं वळून पाहिलं नाही. सारजा तेवढी पायरीपाशी आली.

“द्या, अव्वा. घरी न्हेते तिला.”

“देवी ज्या घरात दिसल्या तिथनं हलवत्यात व्हय? आन् तू बी आत येऊ नगं.” पार्वतम्माचा हात चौकटीवर आडवा झाला.

“माजं लेकरू हाय ते!”

“आन् पोटात कुणाचं हाय?” ती इतक्या जोरात बोलली, की सारजा मागं सरली. “पोटुशीला देवी आल्या की दोनी जिवं जात्यात. म्या डोळ्यानं बघितलंय. मला एकदा येऊन गेल्यात, पुन्ना न्हाय येत. तू पायरीच्या खाली ऱ्हा.”

आतून भागीनं हाक मारली, “आई!” सारजा पायरीखाली धुळीतच बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली.

“म्याच शिकीवलं तिला, अव्वा. गालात धर म्हनून.”

“ठाव हाय.”

“मंग समद्यांम्होरं सांगितलं का न्हाय?”

“उद्या तुला कुणी पाणी तरी दिलं आसतं का गावात?” पार्वतम्माचा आवाज उतरला. “आन् वल्लं केस म्या बघितलं व्हतं, सारजा. बघून आत घेतली.”

सारजानं पदरानं डोळे पुसले. मग विचारलं, “तिला बरं वाटतंय का न्हाय, मला कसं कळंल?”

“रोज सकाळी एक खडा पायरीवर ठिवून जा. खाल्ला तर ताप उतरला समज. न्हाय खाल्ला तर सांजंला तितंच ठिवते.”

तसंच सुरू झालं. सारजा कामावर जाताना पदराच्या गाठीतला खडा पायरीवर ठेवी आणि संध्याकाळी परतताना तो तिथंच सापडे. ती तो उचले, पुन्हा गाठीत बांधे, “भागे, म्या हाय ग हितं,” असं दारातून ओरडून सांगे आणि जाई. देवीचं पथ्य म्हणून पार्वतम्माच्या घरात फोडणी बंद झाली, केस विंचरणं बंद झालं. लिंबाच्या डहाळीनं ती दिवसभर पोरीवरच्या माश्या वारी. ठिपक्यांचे फोड झाले, फोड भरले, डोळे चिकटले. भागी अंधारात विचारी, “आई कुटं हाय?” आणि पार्वतम्मा म्हणे, “पायरीवर.” सारजा शेतात असली तरी तेच म्हणे.

आठव्या दिवशी बोळाच्या तोंडाशी उमाबाई उभी दिसली. जवळ आली नाही. “अव्वा,” तिनं लांबूनच सांगितलं, “टोचल्याला दंड सुजलाय गुरुलिंगचा. खपली धरतीय. दूध पितोय.” थोडं थांबून म्हणाली, “बाकीची बी बरी हायती.” लेकरू पुन्हा आणीन असं ती म्हणाली नाही, आणि पार्वतम्मानंही विचारलं नाही. पण उमाबाई दिसेनाशी झाल्यावर ती दारातच बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडली.

नवव्या दिवशी भागीनं पाणी मागून घेतलं. पार्वतम्मानं खडा तिच्या ओठाला लावला, तर जीभ बाहेर आली. संध्याकाळी सारजा अजून बोळात होती, तेवढ्यात म्हातारी दारातून लहान पोरीसारखी ओरडली, “चाटला ग सारजा! चाटला!”

“खरं सांगता?”

“माज्या इष्टलिंगाची शप्पत!”

सारजा हसली. उद्या खाईल, परवा भाकरी मागेल, असं ती आपल्याशीच बोलत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं पायरीवर सुपारीएवढा खडा ठेवला. एवढा गूळ तिनं कुणाकडून मागून आणला होता, देव जाणे.

त्या दुपारी भागीचा श्वास बदलला. पार्वतम्मानं तिला मांडीवर घेतलं, लिंबाचं पाणी ओठांवर सोडलं, ते गालावरून ओघळलं. उन्हं भिंतीवर चढायच्या आत सगळं संपलं.

तिनं कुणाला हाक मारली नाही. आधी आईला कळायला हवं होतं. तिनं पोरीचं अंग पुसलं, दहा दिवसांनी फणी घेतली आणि गुंता सोडवून वेणी घातली. केस कोरडे होते. मग कोनाड्यातला खडा उचलून पायरीवर ठेवायला दारात आली आणि तिचा हात पुढं होईना. तो खडा तिथं ठेवला, तर ती पोर अजून आजारीच आहे, असा त्याचा अर्थ झाला असता. खडा मुठीत धरून ती दारात नुसती उभी राहिली.

बोळातून सारजा आली. आज तिची चाल भराभर होती. पायरीपाशी येऊन ती वाकली, इकडं तिकडं पाहिलं, हातानं धूळ सारून पाहिली. पायरी रिकामी होती.

“खाल्ला व्हय?” तिनं वर पाहिलं. सगळा चेहरा उजळला होता. “आवं अव्वा, येवढा मोठा खडा, समदा खाल्ला माज्या भागीनं?”

ती पायरी चढू लागली. पार्वतम्माचा एक हात चौकटीवर आडवा होता. तो तिनं काढला नाही. दुसरा हात तिच्यापुढं केला आणि मूठ उघडली.