खंडेनवमीला पूजलेला कॉम्प्युटर

"मशीनला जात नसती, धर्म नसतो, देव नसतो. म्हणून मशीन माणसापेक्षा थोर!"

चांदसाहेबांनी हे जाहीर केलं आणि त्याच क्षणी त्यांच्या चिमट्यात कॉम्प्युटरच्या पोटातून झेंडूची पाकळी आली. तिच्यामागोमाग हळद लागलेले तांदळाचे चार दाणे.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात नाथाजी स्टुलावर ताठ बसले होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, आता पंपाच्या कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला. फौजेतून परतलेला प्रत्येक जण इथे मेजर असतो. ही बढती दिल्लीला कळवायची पद्धत नाही.

"मेजर, ह्याच्यावर नारळ फोडला का काय?"

"ह्याच्यावर कशाला फोडीन? उंबऱ्यावर फोडला. पाणी तेवढं वरनं शिंपाडलं. खंडेनवमी हुती."

"आवं, खंडेनवमीला हत्यारं पुजायची!"

"त्या दिवशी तुमच्या पान्या-पकडीला हार हुता का न्हाई?"

हार होता. शेजारच्या वर्कशॉपवाल्यांनी दरवर्षीप्रमाणे घातला होता, आणि पेढा चांदसाहेबांनीच खाल्ला होता.

हार्ड डिस्क गेली होती. झाकणाच्या फटीतून उतरलेलं पाणी तिच्यावर वाळून चिकट झालं होतं.

"पुण्याला धाडली तर आतलं कायतरी निघंल. न्हाईतर नवी बसवून विंडोज टाकतो, पर जुनं समदं जाईल. काय काय हुतं आत?"

"म्हाईत न्हाई. पोरीचा हाय."

"मग लावा की तिला फोन."

"दोन वर्सं झाली," नाथाजी म्हणाले. "शिरवळला कामाला हुती. हायवेला गाडी घसरली."

चांदसाहेबांनी चिमटा खाली ठेवला.

"मग पुण्यालाच धाडू, मेजर. फोटोबिटो असतील."

"नगं. आतलं तिचं तिला. मी कवा उघाडलंच न्हाई. पासवर्ड कुठं ठावं हाय मला?"

"मग दोन वर्सं ह्याचं करताय काय?"

नाथाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगितलं. ड्युटीवर निघण्याआधी बटण दाबायचं. पडद्यावर एक करडं, बिनचेहऱ्याचं डोकं यायचं. पोरीनं फोटो कधी लावलाच नव्हता. त्याच्याखाली नाव: क्रांती, आणि पासवर्ड मागत थांबलेली रिकामी चौकट. चहा संपेपर्यंत बघायचं. मग बंद.

"घरात तिची आई नाव काढू देत न्हाई. काढलं की त्या दिवशी चूल बंद. तेवढ्या एका जागी नाव हुतं, चांदभाई. त्ये बी मीच पाणी घालून पुसलं."

चांदसाहेबांनी नवी डिस्क बसवली. विंडोज चढू लागलं. बहात्तर टक्क्यांवर आकडा जो रुसून बसला, तो हलायला तयार होईना. दुपारची अजान झाली; दोघांपैकी कुणीच जागचं उठलं नाही.

अखेर पडद्यानं विचारलं, हा कॉम्प्युटर कोण वापरणार? एरवी चांदसाहेब तिथं सवयीनं आपल्या दुकानाचं नाव ठोकून देत. अर्ध्या कुपवाडचे कॉम्प्युटर सकाळी उठून चांदसाहेबांनाच नमस्कार करायचे. आज त्यांची बोटं थांबली. मग त्यांनी एकेक अक्षर बघून टाइप केलं: क्रांती. पासवर्डची जागा मुद्दाम कोरी सोडली.

"आता अडीवणार न्हाई तुमाला. बटण दाबलं की सरळ आत."

त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. करडं डोकं आलं, खाली नाव चमकलं. नाथाजींनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवेपर्यंत दोन्ही निघून गेली. उरला निळा पडदा आणि कोपऱ्यात कचऱ्याची टोपली.

नाथाजींनी चष्मा काढला. मग तो पुसत, साहेबाकडे रजा मागावी तसं, हळूच म्हणाले,

"चांदभाई, तेवढा पासवर्ड टाका. अन् मला सांगू नगा."