परत रिकाम्या रॉडपासून

दाराशी खिळ्याला दोन स्टीलचे ग्लास टांगलेले होते. तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाल्यापासून जिममधला नियम एकच : ग्लास वाजले की पळायचं.

जिवलीच्या बैठका संपत आल्या होत्या तेव्हा ते वाजले. सगळे अंगणात धावले. जानेवारीच्या गारठ्यात बराच वेळ उभं राहून अंगावरचा घाम गार पडला. आत जायला कुणी धजेना.

"चला, बेंच प्रेस राहिलंय," सुनीलसर म्हणाले. "अंग थंड पडलंय. परत रिकाम्या रॉडपासून."

"सर, थेट मोठं वजन लावते ना!" जिवली काकुळतीला आली. रविवारी पॉवरलिफ्टिंगची जिल्हा निवड होती. पण तिला आत्ता एवढंच कळत होतं, की जितक्या वेळा उताणं पडायचं, तितक्या वेळा जिमचं ते तडकलेलं छत डोळ्यांवर येणार. गावी, झरीत, त्यांच्या घराची भिंत अशीच आधी तडकली होती, मग पडली.

"खांदा निखळला तर रविवारी काय, टाळ्या वाजवायला जाशील?"

"बेंच बाहेर घेऊ या?"

"रस्त्यावर? तमाशा आहे का?"

जिवली आडवी झाली. डोक्याशी हंसा रॉड सांभाळायला उभी राहिली. "मी आहे गं. घाबरट कुठली!"

रिकामा रॉड झाला. मग दोन्ही बाजूंना लहान प्लेट. रॉड छातीला टेकला आणि ग्लास खणखणले.

हंसा दिसेनाशी झाली. धावणाऱ्या पावलांचा आवाज दाराबाहेर गेला. छतातून बारीक माती जिवलीच्या तोंडावर पडली. ओरडायला छातीत हवा नव्हती. डोळे मिटून तिने ढकललं. रॉड वर गेला, थरथरला, कसाबसा स्टँडवर बसला. ती पळाली.

अंगणात हंसा ओक्साबोक्शी रडत होती. "पाय आपोआप पळाले गं. मोठं वजन असतं तर..."

"तर मी आतच असते," जिवली म्हणाली.

सुनीलसर आत गेले आणि बेंचचं एक टोक धरून ओढू लागले. चौघांनी मिळून बेंच, स्टँड, सगळं अंगणात आणलं. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. कुणीतरी शिट्टी मारली.

"परत?" जिवलीने विचारलं.

"परत. रिकामा."

ती आडवी झाली. वर आभाळ होतं. पाठीखालची जमीन मात्र तीच होती. हंसाने रॉड दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, इतका, की जिवलीला तो हलवताच येईना.

"सोड ना आता!"