चाक रडत होतं म्हणून

बारा व्होल्ट.

एरंडेल आणि जळक्या पेंढ्याची राख.

मडगावहून नवऱ्याचा फोन: जेवलीस का?

सात घरं. सात घरांत मिळून दोन मुलं, तीही शिकायला रामनगरात.

कोंडा बोटांना चिकटतो, कारण त्यात तेल असतं.

सोमवारी सह्या.

हे सगळं केशरच्या डोक्यात एकाच वेळी चाललं होतं, आणि ती उताराच्या तोंडाशी पिकअपच्या स्टेअरिंगवर हात ठेवून बसली होती. मागं ट्रेलर, ट्रेलरवर भातगिरणी. शेजारी सासरा झिलू, जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस. खाली रानाच्या तळाशी तिचं सात घरांचं माहेर.

गिरणी गावोगाव न्यायचा धंदा तिनं चार वर्षांमागं काढला. इंजिन, भात सडणारा हलर, लोखंडी सांगाडा, सगळं दोन टनांच्या घरात जातं. बाकी गावं बरी, माहेरचा उतार तेवढा वाईट. गेल्या साली ट्रेलरनं पिकअपला असं रेटलं की गाडी दरडीला घासत थांबली, म्हणून ती वाचली. त्यानंतर गिरणी खाली गेली नाही. बायका भात डोक्यावर घेऊन वर चढायच्या. यंदा माहेरच्या फुलामावशीचा निरोप आला. गाव सोडायच्या कागदावर सोमवारी सह्या आहेत. ओझं वर न्यायला आता कुणात दम नाही. गिरणी दारात आली तर आम्ही बायका सह्या होऊ देत नाही.

म्हणून केशर वासूकडं गेली. तो रामनगरच्या नाक्यावर ट्रकांची वायरिंग करतो. धक्क्याचा ब्रेक स्वस्त, असं त्यानंच सांगितलं, आणि लगेच खोडून काढलं. "तो ट्रेलरनं ढकलल्यावर जागा होतो, अक्का. तुला ढकलायच्या आधी जागा होणारा पाहिजे."

विजेचा ठरला. चारही चाकांत एकेक चुंबक. वीज आली की चुंबक फिरत्या ड्रमला चिकटणार, दांडा ओढणार, ब्रेकचे शू फाकून ड्रमला आतून आवळणार. वासूनं जाड वायर बॅटरीपासून थेट ओढली, मधे फ्यूज घातला. अर्थिंग हुकावर सोडलं नाही. हूक गंजतो म्हणून वेगळी वायर मागपर्यंत नेली. ट्रेलर सुटलाच तर खीळ ओढली जाऊन आपोआप ब्रेक लागावा, म्हणून छोटी बॅटरी ट्रेलरवर बसवली. कंट्रोलरचा डबा केशरच्या गुडघ्याशी. त्याची दांडी सरकवली की पिकअप मोकळी राहायची आणि ट्रेलर तेवढा थांबायचा. रामनगरच्या सपाट रस्त्यावर मागून कुणी पदर धरावा तशी गाडी अडली, तेव्हा ती हसली होती.

निघताना वासूनं बजावलं: कोंडा झाडत जा, चुंबक पुसत जा, आणि आत तेलाचा थेंब जाऊ देऊ नको.

हे तिला सांगितलं. तिनं घरी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? घरात ती आणि म्हातारा.

आता तिनं ब्रेक जरा सैल सोडला, चालीच्या वेगानं गाडी पुढं जाऊ दिली, दांडी सरकवली. डब्यावरचा दिवा लाल झाला. आकडा बारा अँपियर. सगळं वासूनं सांगितलं तसंच. ट्रेलर मात्र येतच राहिला.

पिकअपचे ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून तिनं कशीबशी गाडी अडवली. खाली उतरून चाकांना दगड लावले. ड्रमच्या कडेला काळं ओघळलं होतं. वास एरंडेलाचा, बैलगाडीच्या वंगणाचा.

"आता रडत न्हाई बघ," झिलू खिडकीतून म्हणाला. "परवापासनं कुरकुरत हुतं. सकाळी चारी चाकांना पाजलं. त्या रबरी बुचाखाली वाटच ठेवलीया की त्यांनी."

झिलूला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं लांब जाऊन वासूला फोन लावला. तो म्हणाला, ड्रम धुता येईल, चुंबक पुसता येईल. शूंनी तेल प्यालं की ते गेले. नवे कोइमतूरहून येणार, दोन-तीन आठवडे. तोवर खाली जाऊ नको, अक्का.

केशरनं आल्या आल्या वाजवलेला हॉर्न ऐकून फुलामावशी दोघींना घेऊन वर आली होती. धाप लागलेली, तरी तोंड चालूच. "काय गो, वरनंच दर्शन देतीस व्हय? देव तरी पालखीत बसून खाली येतो."

"वायर तुटली, मावशी." केशर झिलूकडं न बघता म्हणाली.

"विजेचं कधी खरं असतंय?" झिलूनं वासूचा उद्धार केला. "वंगण तुटल्यालं ऐकलंस कधी?"

फुलानं चाकाला बोट लावलं, नाकाशी नेलं. झिलूकडं बघितलं. बोट पदराला पुसलं.

केशर म्हणाली, इथंच इंजिन लावते, आणा भात.

"हितवर आणायचं बळ असतं," फुला म्हणाली, "तर सह्यांची गोष्ट कशाला निघाली असती गो." आणि ती वळली. दोघी तिच्यामागून उतरल्या. झिलू हाका मारत राहिला, चहा तरी घेऊन जावा.

सोमवारी सातही घरांनी सह्या केल्या.

त्या गावाला हा उताराचा रस्ता झाला होता तो केशरच्या लग्नाच्या सातव्या वर्षी. त्याआधी तिथं सगळे गिरणीवाचून, घरच्या उखळातच भात कांडत होते.