पाचवी वायर

बाईंनी गाडीचं दार सताड उघडं ठेवलं, गुडघ्याखाली जुनी उशी घेतली आणि पुढच्या सीटखाली हात घालून वायरी मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या, तरी पाचच. जावयांनी सांगितल्या होत्या चार.

टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन जमाना झाला होता, तरी गल्लीत त्यांना अजून सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. एकतीस वर्षं बोर्डासमोर बसून ज्यांनी अख्ख्या गावाची बोलणी एकमेकांना जोडून दिली, त्यांना चार आणि पाच यांतला फरक कोणी शिकवायला नको होता.

गेल्या रविवारी जावई अचानक आले आणि बाईंच्या जुन्या गाडीत एक कॉम्प्युटर बसवून गेले. लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम त्यांचं. माणूस नाकासमोर चालणारा, बोलणं तर औषधाच्या थेंबांसारखं मोजून. पण त्या दिवशी त्यांनी बाईंना शेजारी बसवून सगळं समजावलं होतं. कॉम्प्युटरला यूएसबीची जागा एकच, आणि जोडायच्या वस्तू चार: नकाशाचं यंत्र, मागचा कॅमेरा, इंटरनेटची डबी आणि गाण्यांची डबी. म्हणून मध्ये हा हब. तळहाताएवढी काळी पट्टी, तिला ओळीने भोकं. हबला वीज मागच्या बाजूने वेगळी आणावी लागते, नाहीतर एकाच ताटात चौघं जेवायला बसल्यासारखं होतं, एकाचं पोट भरतं तोवर दुसरा उपाशी उठतो. बाईंना हे चटकन कळलं होतं. त्यांचा बोर्ड तरी दुसरं काय होता?

मग बुधवारी त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या असताना जावई पुन्हा येऊन गेले. लेकीकडे असलेल्या जादा किल्लीने गाडी उघडून तासभर एकटेच काहीतरी करत बसले होते. बाई परतल्या तेव्हा ते हात पुसत होते. फोनचं जरा सोपं करून दिलंय, असं काहीसं म्हणाले. बाईंचा गाल बधिर होता. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

आता त्या बुधवारचा त्यांना राग येत होता.

दोन महिन्यांपूर्वी फाटकाच्या खांबाला गाडी जराशी घासली होती. तेव्हा लेक चहा पिताना सहज म्हणाली होती, आई, आता गाडी कशाला हवी तुला? बाईंनी कप खाली ठेवून तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि विषय तिथेच मिटला. मिटला म्हणजे त्यांना तसं वाटलं. त्यानंतर त्याच घरातून ही एवढी भेट यावी, तीही न मागता? आवळा देऊन कोहळा काढणारे लोक त्यांनी बोर्डावर बसून पुष्कळ ऐकले होते. पती गेल्याला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत, मला जरा तिकडे सोडता का, असं त्यांनी कोणालाही म्हटलं नव्हतं. जे होतं ते त्या गाडीवर होतं.

त्यांनी किल्ली फिरवून पडदा चालू केला आणि एक्स्चेंजमधली जुनी रीत वापरली. कुठली दोरी कोणाची हे कळत नसेल तर एकेक उपटायची आणि कोण गप्प होतं ते पाहायचं. पहिली उपटली, नकाशा गेला. दुसरीला मागचं अंगण पडद्यावरून नाहीसं झालं. तिसरीला इंटरनेट, चौथीला गाणं थांबलं. त्या पुन्हा लावून बाईंनी पाचवी उपटली. काहीच गप्प झालं नाही.

ज्या लाइनीवर कोणी बोलत नाही, ती ऐकायची लाइन असते.

पाचवी परत खोचून त्यांनी ती बोटांनी चाचपत नेली. सतरंजीखालून, दाराच्या कडेने, वर उन्हाच्या झापडीपर्यंत. झापडीमागे वालाच्या दाण्याएवढा काळा मणी होता, आणि त्याला बारीक भोकं होती. माईक ओळखायला बाईंना चष्मासुद्धा लागला नसता.

त्या सीटवर बसल्या. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं, लाइन जोडायची, खटका पाडायचा आणि आपला कान काढून घ्यायचा. एकतीस वर्षांत त्यांनी हा नियम मोडला नव्हता. निदान कोणाच्या नुकसानीसाठी तर नाहीच. आणि आता त्यांच्याच लेकीने त्यांच्या डोक्यावर कान टांगला होता.

चोराला पकडायचीही एक रीत होती. लाइनीवर तिसरं कोणी आहे असा संशय आला की एखादी खोटी बातमी सोडायची, आणि ती गावात कुठे उगवते ते पाहायचं. शुक्रवारी बाईंनी गाडीच्या काचा वर केल्या आणि स्टिअरिंगला स्पष्ट आवाजात सांगितलं की वरची खोली त्यांनी एका मिशीवाल्या गृहस्थाला भाड्याने दिली आहे, माणूस एकटाच आहे, व्हायोलिन वाजवतो आणि सोमवारी राहायला येतोय.

शनिवारी लेक आली. बाई तिच्याकडे मांजरासारखं लक्ष ठेवून होत्या. तिने वर पाहिलं नाही, खोलीचं नाव काढलं नाही. निघताना दारात थांबून एवढंच म्हणाली,

"आई, तू चष्मा शेवटचा कधी बदललास गं?"

बाईंनी मनात म्हटलं, वा! पोरगी माझीच आहे. मिशीवाल्यापर्यंत कशी चष्म्याच्या वाटेने येते बघ. पण ती पुढे आली नाही, आणि त्यामुळे बाईंचा संशय अधिकच पक्का झाला. पाणी कुठेतरी मुरत होतं, एवढं नक्की.

सोमवारी सकाळी त्यांनी पाचवी वायर हबमधून उपटली, टोक तसंच लोंबतं ठेवलं आणि पुस्तकं बदलायला ग्रंथालयाकडे निघाल्या. बऱ्याच दिवसांनी गाडी आपली वाटली.

ग्रंथालयाच्या भिंतीशी गाडी लावली, तोच पडद्यावर लेकीचं नाव आलं. तीन वेळा वाजून फोन आपोआप उचलला गेला.

"हॅलो, आई?"

"बोल," बाई म्हणाल्या.

"हॅलो? आई, ऐकू येतंय का?"

"येतंय की. बोल ना."

"हॅलो? अरे, तिचा आवाजच येत नाहीये."

बाईंची नजर झापडीमागच्या मण्याकडे गेली, तिथून खाली लोंबणाऱ्या टोकाकडे. फोनचं सोपं करून दिलंय. म्हणजे हे. गाडीतून फोनवर बोलायला माईक नको का? त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"कट झाला वाटतं," लेक म्हणाली. फोन टेबलावर पालथा ठेवल्याचा आवाज आला. कट मात्र झाला नव्हता. घरातलं भांडं वाजलं, खुर्ची सरकली, सगळं गाडीत स्वच्छ ऐकू आलं.

बाईंचं बोट पडद्यावरच्या लाल खुणेकडे गेलं. दाबलं की संपलं असतं.

"बाहेर असेल," लेकीचा आवाज आला. "गाडीच चालवत असेल. तीच तर भीती आहे रे."

बाईंचं बोट अधांतरी थांबलं.

जावई काहीतरी पुटपुटले.

"मी दोन महिने सांगतेय, किल्ली मागून घेऊ. तू खेळणी बसवत बसलास."

"मला वाटलं, नकाशा बोलला, मागचं पडद्यावर दिसलं, तर डोळ्यांवरचं ओझं थोडं कमी होईल," जावई म्हणाले. "किल्ली मागितली तर त्या देतील गं. पण मग आपल्याला घरात घेणार नाहीत."

"तू हे सगळं बसवायच्या आधीच्या गुरुवारी मी शेजारी बसले होते. दवाखान्यासमोरच्या चौकात लाल होता. एक बाई मुलाचा हात धरून रस्त्यात उतरली होती, ती मागे सरली म्हणून. आई थांबलीच नाही. थांबली नाही म्हणजे तिला दिसलंच नाही. उलट मला म्हणते कशी, बघ, आज सगळे सिग्नल हिरवे मिळाले."



बाईंना तो गुरुवार आठवत होता. छान ऊन होतं. कुठे थांबावं लागलं नव्हतं म्हणून त्या खुशीत होत्या. लेक मात्र सारखी गप्प होती, आणि बाईंनी तिला घुमी म्हटलं होतं. रस्त्यात उतरलेली बाई आठवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. रस्ता आठवला, ऊन आठवलं. बाई काही आठवली नाही.

पलीकडे कुणीतरी नळ सोडला, तेव्हा त्यांनी फोन बंद केला.

पुस्तकं शेजारच्या सीटवर तशीच पडली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी इंजिन बंद केलं, पर्समधून फोन काढला आणि कानाला लावून लेकीला सांगितलं की ग्रंथालयापाशी गाडी बंद पडली आहे, चालूच होत नाही. जावयांना जमेल का जरा यायला?

जावई पायीच आले, वीस मिनिटांत. तोवर बाई उतरून फुटपाथवर उभ्या होत्या. ते आत बसले, किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्याला चालू झालं.

मग जावयांची नजर खाली गेली. लोंबणारं टोक त्यांनी पाहिलं, वर मण्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर एक आठी हळूहळू उमटली. टोक त्यांनी उचललं नाही.

"ही आता अशीच रुसत राहणार, आई," ते म्हणाले. "तुमच्या हाताने काही चालू व्हायची नाही."

"माझंही तेच म्हणणं आहे," बाई म्हणाल्या.

गाडीला वळसा घालून त्या पलीकडच्या दाराने आत आल्या, पुस्तकं मांडीवर घेतली आणि सवयीने नेहमीच्या उजव्या खांद्यामागे सीटचा पट्टा चाचपू लागल्या. तो तिथे नव्हता. जावयांनी गाडी सुरू ठेवली आणि पट्टा त्यांना सापडेपर्यंत ते थांबले.