पैजेवर लागलेला पंखा

मी एक जुना टेबल पंखा आहे. माझ्यावर पैज लागली त्या दिवशी मी उस्मानपुऱ्यात रहीमचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात उपडा पडलो होतो आणि माझ्या जाळीत एक चिमणी संसार मांडायच्या बेतात होती.

समोरच्या हॉलमध्ये मोटारींचं वायंडिंग शिकवायचे, म्हणजे पंख्यातली नाहीतर पंपातली जळालेली तार काढून नवी गुंडाळायची. सरकारकडून दर महिन्याला मदत मिळते अशा आईबापांसाठी तो तीन महिन्यांचा फुकट वर्ग होता. परीक्षा जवळ आली म्हणून तिथल्या फहमिदा मॅडम जळके पंखे गोळा करत फिरत होत्या. रहीमचाचांनी मला काढून दिलं, तसा शेजारचा चहावाला पुंडलिक खो खो हसला.

"मॅडम, ह्याला कुठं नेता? ह्याचं तेरावं झालंय!"

"अरे जा! इनके क्लास में वो रत्नमाला है ना, वो चलाती इसको," रहीमचाचा म्हणाले.

"ती? जलम मेंढरांमागं गेला तिचा! हा फिरला ना चाचा, तर मी इथंच भर रस्त्यात ह्याच्या म्होरं पिठाचं ताट धरून बसतो. तोंड नाय फिरवणार."

"और नहीं फिरा तो महिनाभर तेरे कप मैं धोता. मार हाथ!"

टाळी वाजली. माझं मत कुणीच विचारलं नाही.

मित्रांनो, मी काही जन्मापासून भंगार नव्हतो बरं का. रहीमचाचांच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो, निळ्या पात्यांचा, नवा कोरा. पाहुणे नवरीआधी मला बघायचे. पुढं पोरं माझ्यासमोर बसून "आऽऽऽ" करायची आणि आपलाच थरथरता आवाज ऐकून लोळायची. तुम्हीपण केलंय, खोटं बोलू नका! मग घरात कूलर आला आणि मी दुकानात. एका मे महिन्यात माझ्या पोटातून जळका वास आला, तो शेवटचा. त्यानंतर माझ्यावर लोक पिशव्या टांगायचे.

आणि आता मी रत्नमालाच्या हातात होतो. गंगापूरकडची धनगराची लेक. नवरा गेला, पदरात दोन लेकरं. पास झाली तर क्रांती चौकाजवळच्या वायंडिंगच्या दुकानात काम पक्कं होतं. नापास झाली तर खोली सोडून भावाच्या दारात जायचं होतं.

परीक्षेच्या दिवशी पुंडलिक चहा घेऊन हॉलमध्ये आला आणि मुद्दाम तिच्याच टेबलाशी रेंगाळला.

"माय, सरकार देतंय की घरबसल्या. कशाला तारांत हात घालती?"

"देतंय दादा, नाय कुठं म्हणते? पर एखाद्या महिन्याला उशीर झाला तर लेकरांना काय सांगू, उद्या जेवा?"

पुंडलिकनं किटली उचलली. पण गेला नाही, दारात उभा राहिला.

तिनं माझं पोट उघडलं, काळी तार ओढून काढली आणि नवी तांब्याची भरली. काय हात होता! सासूबरोबर वर्षानुवर्षं घोंगडीची लोकर कातलेली, त्यामुळं तार कुठं सैल नाही की कुठं तुटली नाही. चार गुंडाळ्या बसवल्या, टोकं जोडली, बटण दाबलं.

"हूंऽऽऽ," मी म्हणालो. जागचा हललो नाही.

"भजन म्हणतोय!" दारातून पुंडलिक ओरडला. "फिरत नाय!"

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घड्याळ बघितलं. "अर्धा तास राहिलाय, बाई."

फहमिदा मॅडमना परीक्षेत बोलायची बंदी. त्यांनी ओठ दाबून खिडकीकडं तोंड फिरवलं. मला तर सगळं कळत होतं. पोट माझंच होतं! लोकर पिळतात तशी तिनं चारी गुंडाळ्या एकाच अंगानं जोडल्या होत्या. पण मी हूं सोडून बोलणार काय?

रत्नमालाचे डोळे भरले. तिनं ते मनगटानं पुसले आणि नुसती बसून राहिली. बसल्या बसल्या सवयीनं तिची बोटं सूत कातायची चाती फिरवल्यासारखी फिरायला लागली. मग ती एकदम थांबली.

"अगं बया," ती पुटपुटली, "दुहेरी सूत तर उलटं पिळत्यात. नाय तर उकलतंय. मॅडम हेच सांगत व्हत्या की! एक सरळ, शेजारची उलटी!"

भराभर तिनं दर दुसऱ्या गुंडाळीची टोकं उलटी जोडली. बटण दाबलं.

मित्रांनो, मी असा सुटलो की परीक्षकांचे कागद थेट पुंडलिकच्या पायाशी! फहमिदा मॅडम एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. मला कुणी भंगारात दिलं असतं तर वावगं वाटलं नसतं कुणाला. पण बिघडलेल्याला कुणीतरी उघडून बघावं लागतं, आणि अडलेल्याला शिकायला तीन महिने द्यावे लागतात. एवढं ध्यानात ठेवा, मग माझ्यावर खुशाल पिशव्या टांगा.

संध्याकाळी टपरीपुढं ही गर्दी! रहीमचाचांनी दुकानातून वायर ओढली आणि मला स्टुलावर बसवलं. पुंडलिक ज्वारीच्या पिठाचं ताट हनुवटीखाली धरून, डोळे गच्च मिटून माझ्यासमोर मांडी घालून बसला. बटणावर रत्नमालाचं बोट.

"कितीवर लावू, दादा?"

"एकवर लाव माय! तुझ्या पाया पडतो, एकवर!"

"तीन! तीन!" गर्दी ओरडली.

तिनं एकचं बटण दाबलं. मी हळूच फुंकर घातली. चिमूटभर पीठ मिशीला लागलं. पुंडलिकनं एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि छाती फुगवली.

"एवढंच व्हय? हात्तिच्या, ही कसली पैज!"

रत्नमालानं तीनचं बटण दाबलं.